बाजाराच्या दिवसाची गोळी

मार्केट यार्डात हमाली करणारे एक काका काही वर्षांपूर्वी माझ्या दुकानात आले आणि पिशवीतून प्लास्टिकचे एक छोटे यंत्र काढून काउंटरवर ठेवत म्हणाले, "ताई, गोळ्या संपल्या, पण दम काय कमी येईना. आणि हे तेवढं परत घ्या, ह्याचा काय उपयोग न्हाई." दम्यासाठी पावडर भरलेल्या ज्या कॅप्सूल यंत्रात घालून, यंत्र फिरवून, तोंडाने जोरात ओढायच्या असतात, त्या काकांनी पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळल्या होत्या. कॅप्सूल मीच दिल्या होत्या. देताना काय बोलले होते तेही मला शब्दशः आठवत होते, कारण ते वाक्य मी प्रत्येकालाच म्हणत असे: "सकाळी एक, संध्याकाळी एक, यातून घ्यायची." काकांना कॅप्सूल हा प्रकार माहीत होता, आणि त्यांच्या लेखी कॅप्सूल गिळण्याचीच असते. माझ्या वाक्यात 'गिळायची नाही' हे शब्द कुठेच नव्हते.

त्या दिवशी मी त्यांना यंत्र वापरून दाखवले आणि त्यांच्याकडून करवूनही घेतले. पण रात्री दुकान बंद केल्यावर एकच विचार डोक्यात राहिला. काका परत आले ते यंत्र परत करून पैसे मिळतील म्हणून. जे कशासाठीच परत येत नाहीत, त्यांनी माझे बोलणे कसे घेतले हे मला कोण सांगणार? डी.फार्म. होऊन सांगलीत दुकान सुरू केल्याला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती, आणि या एकोणीस वर्षांत मी पेशंटला नीट समजावून सांगते असा माझा प्रामाणिक समज होता.

त्यानंतर काही महिन्यांनी औषध विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका कार्यशाळेची माहिती आली. फार्मसी महाविद्यालयात, सलग दोन रविवार, विषय पेशंटशी संवाद. मी त्याच दिवशी नाव नोंदवले. आम्ही सोळा जण होतो. कोणी विश्रामबागचे, कोणी मिरजेचे, दोघे तासगावचे, आणि एक तरुण मुलगा थेट जतहून पहाटेच्या एसटीने आलेला.

पहिल्या रविवारी सकाळी शिकवणाऱ्या मॅडमनी २०१५ सालच्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीतील समुपदेशनाचा भाग काढला. औषधाचे नाव आणि स्वरूप, मात्रा, घेण्याची पद्धत, किती दिवस, कशासाठी, कोणती काळजी, कोणते दुष्परिणाम, साठवण कशी करायची, एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, हे सगळे पेशंटला सांगणे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य आहे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. यादी आम्हा सर्वांना पाठ होती. मॅडमनी यादी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आता हे सांगून दाखवा. मला नाही, पेशंटला."

हा पेशंट म्हणजे सिम्युलेटेड पेशंट. आम्ही सगळे नंतर त्याला 'सरावाचा पेशंट' म्हणू लागलो. एखादी निरोगी व्यक्ती ठरवून दिलेल्या रुग्णाची भूमिका करते, शिकणारा तिच्याशी खऱ्या रुग्णासारखे बोलतो, आणि बोलणे संपल्यावर तीच व्यक्ती भूमिकेतून बाहेर येऊन आपल्याला काय ऐकू आले, काय वाटले ते सांगते. वैद्यकीय शिक्षणात ही पद्धत हॉवर्ड बॅरोज या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू केली. त्याने एका निरोगी स्त्रीला मज्जासंस्थेच्या आजाराची लक्षणे हुबेहूब दाखवायला शिकवले आणि विद्यार्थ्यांना तिची तपासणी करायला लावली. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जात वेगवेगळी कौशल्ये दाखवतो अशी परीक्षा बसवली, आणि त्या परीक्षेमुळे असे सरावाचे रुग्ण जगभर नेहमीचे झाले. फार्मसीच्या शिक्षणात ही पद्धत पुष्कळ उशिरा आली. मला ती चाळिशी ओलांडल्यावर भेटली, याची मला अजूनही हळहळ वाटते.

आमच्या वर्गाच्या शेजारच्या खोलीत दुकान उभे केले होते. एक टेबल म्हणजे काउंटर, मागे रिकाम्या खोक्यांचे कपाट, कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा. एकेकाने आत जायचे. माझा क्रमांक पाचवा होता.

आत गेले तर सत्तरीच्या घरातल्या एक आजी उभ्या होत्या. नऊवारी, हातात घडी घातलेली चिठ्ठी, बोटे सांध्यांशी थोडी वाकवून धरलेली. मी चिठ्ठी वाचली. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट, अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदाच. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिडची एक गोळी, तीही आठवड्यातून एकदाच. मेथोट्रेक्सेट म्हटले की कुठलाही फार्मासिस्ट सावध होतो, आणि झालाच पाहिजे. संधिवातासाठी ही गोळी आठवड्याची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर अस्थिमज्जेतील रक्त तयार होण्याचे काम मंदावते, तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी उतरतात, साधा संसर्गही आवरत नाही. या एका चुकीने रुग्ण दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. मला हे सगळे ठाऊक होते, आणि म्हणूनच मी जीव तोडून बोलले. गोळी आठवड्यातून एकदाच का घ्यायची ते सांगितले. सोमवारी घ्या, मंगळवारी फॉलिकची गोळी घ्या, असे सांगितले. तोंडात फोड आले, ताप आला, अंगावर काळेनिळे डाग दिसले, कोरडा खोकला किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांकडे जा, हे सांगितले. रक्ततपासणी चुकवू नका, मनाने दुसरी औषधे घेऊ नका, हेही सांगितले. आजी मान डोलवत होत्या. शेवटी मी विचारले, "समजलं ना, आजी?" त्या म्हणाल्या, "व्हय, समजलं की." मी समाधानाने बाहेर आले.

दहा मिनिटांनी मला परत बोलावले. आता आजी खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, बोटे सरळ झाली होती, आवाजही वेगळा होता. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि हौशी नाटकांतून कामे करत असत. मॅडमनी त्यांना विचारले, "आजींना काय समजलं?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "सोमवारपासून गोळ्या सुरू करायच्या. एका वेळी तीन. मंगळवारपासून दुसरी एक वाढवायची. आणि काहीतरी फार वाईट होऊ शकतं, त्यामुळे मी घाबरले होते, घाबरल्यावर पुढचं ऐकू आलं नाही."

मी म्हणाले, "मी 'सोमवारी' म्हणाले होते, 'सोमवारपासून' नाही." कॅमेऱ्यातले चित्रण लावले. मी खरोखरच 'सोमवारी' म्हणाले होते. 'आठवड्यातून एकदाच' हेही दोनदा म्हणाले होते. पण त्या म्हणाल्या, "माझ्या भूमिकेतल्या बाईने आजवर घेतलेली प्रत्येक गोळी रोजची होती. बीपीची रोज, साखरेची रोज. तिला वाचता येत नाही. आठवड्याची गोळी ही गोष्टच तिच्या डोक्यात नाही. तुम्ही तिला वार सांगितलात, तिने तो सुरुवातीचा वार समजून घेतला."

चित्रणात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला अधिक टोचली. मी जवळजवळ चार मिनिटे बोलत होते. आजींच्या वाट्याला आलेले बोलणे सगळे मिळून वीस सेकंदांचे होते, आणि त्यातही निम्मे 'व्हय, व्हय' होते. त्या दोनदा काही बोलण्यासाठी तोंड उघडत होत्या, आणि दोन्ही वेळा मी पुढचे वाक्य सुरू केले होते. काउंटरच्या अलीकडे उभे राहून हे मला कधी दिसले नसते.

दुपारी जेवताना मी त्या बाईंच्या शेजारी बसले आणि तयारी कशी करतात ते विचारले. त्यांना दोन पानांची संहिता दिलेली असते. वय, गाव, घरी कोण, आजार किती दिवसांचा, चिठ्ठीत काय, हे ठरलेले असते आणि त्यात एका अक्षराचाही बदल करायचा नसतो, कारण सोळा फार्मासिस्टना सोळा वेळा तीच आजी भेटली पाहिजे, नाहीतर तुलना कशाची करायची? काही गोष्टी आपणहून सांगायच्या असतात, काही फक्त विचारल्यावरच सांगायच्या असतात. वाचता येत नाही, ही विचारल्यावरच सांगायची गोष्ट होती. सकाळपासून ती पाच जणांपैकी कोणीही विचारली नव्हती. नंतरचे अभिप्राय देण्याचेही वेगळे शिक्षण असते. 'तुम्ही चुकलात' असे म्हणायचे नाही, 'तुम्ही अमुक म्हणालात तेव्हा मला असे वाटले' इतकेच सांगायचे. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ इथेच केला हे अभिमानाने सांगतो, तेव्हा असे नट मिळणे इथे सोपे असणार, असे मी म्हणाले. त्यावर बाईंनी जे उत्तर दिले ते मला फार मोलाचे वाटते. त्या म्हणाल्या, "उलट आम्हाला जड गेलं. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत वेदना पोचवायची सवय असते. इथे ती लपवायची असते. खरा पेशंट दुकानात येऊन कण्हत नाही, तो चिठ्ठी देतो आणि गप्प उभा राहतो."

दुपारच्या सत्रात एक तिशीतला गृहस्थ आला, वडिलांसाठी इन्सुलिनचे पेन न्यायला. त्याचे पहिलेच वाक्य होते, "मॅडम, जरा लवकर, एसटी चुकेल." ही तर रोजची गोष्ट. मी सवयीने पिशवी भरून दिली, बिल दिले आणि 'फ्रीजमध्ये ठेवा' म्हणाले. अभिप्रायात तो म्हणाला की घरी गेल्यावर त्याने पेन फ्रीजमध्ये वरच्या बाजूला, बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवले असते. इन्सुलिन गोठले की वाया जाते. न उघडलेले पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंश तापमानात, आणि वापरायला काढलेले साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला, उन्हापासून दूर, हे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही. घाईच्या पेशंटला काय सांगायचे याचा मी कधी विचारच केला नव्हता. वेळ असेल तर सगळे, नसेल तर काहीच नाही, अशी माझी रीत होती. मॅडम म्हणाल्या, "पेशंटजवळ तीस सेकंद असतील, तर जे चुकल्यावर सर्वांत जास्त नुकसान होईल ते एक सांगा, आणि बाकीच्यासाठी फोन नंबर द्या." हे मी वहीत लिहून घेतले.

संध्याकाळी त्यांनी तीन प्रश्नांची एक पद्धत शिकवली. ती अमेरिकेत तिथल्या आदिवासी जमातींसाठी असलेल्या सरकारी आरोग्य सेवेतून आलेली आहे. आपण सांगायला सुरुवात करण्याऐवजी आधी विचारायचे: डॉक्टरांनी हे औषध कशासाठी म्हणून सांगितले? कसे घ्यायला सांगितले? घेतल्यावर काय होईल म्हणून सांगितले? पेशंटला जे माहीत आहे ते त्याच्या तोंडून येते, आणि आपल्याला फक्त राहिलेले भरावे लागते. शेवटी त्याच्याकडूनच सगळे म्हणवून घ्यायचे. 'समजलं ना?' हा प्रश्न मॅडमनी आम्हाला चक्क बंद करायला लावला, कारण त्याचे उत्तर आपल्याकडे नेहमी 'हो'च येते. मोठ्या माणसासमोर, मग ते डॉक्टर असोत की मेडिकलवाले, 'नाही समजलं' म्हणणे हा आपल्याकडे उद्धटपणा मानला जातो. म्हणून प्रश्न असा घालायचा की परीक्षा आपली व्हावी: "मी बरोबर सांगितलं का ते बघते, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?"

हे ऐकायला सोपे वाटते. मधल्या आठवड्यात दुकानात करून पाहिले, तेव्हा पहिल्या दिवशी माझीच जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या गृहस्थांनी थोडे चिडूनच विचारले, "काय परीक्षा घेताय काय?" मी शब्द बदलून पाहिले, आवाज बदलून पाहिला. आठवड्याच्या शेवटी काही वाक्ये माझी झाली.

दुसऱ्या रविवारी तीच आजी, तीच चिठ्ठी. या वेळी मी स्टूल पुढे सरकवले आणि त्यांना बसवले. कशासाठी औषध दिले आहे, हे विचारले. "सांध्यासाठी." कसे घ्यायला सांगितले? "तीन गोळ्या म्हणाले. बाकी ल्हिलंय न्हवं त्यात." मी म्हणाले, "लिहिलंय, पण वाचून कोण दाखवतं तुम्हाला?" आजी जरा थांबल्या. "मला वाचाय येत न्हाई. नातू असतोय, पण तो शाळंला." मग मी सांगितले, की ही गोळी बीपीच्या गोळीसारखी रोजची नाही. ही आठवड्यात फक्त एका दिवसाची आहे, आणि रोज घेतली तर हीच गोळी विषासारखी होते. हे एवढेच आधी सांगितले आणि थांबले. थांबणे मला सर्वांत अवघड गेले. आजी म्हणाल्या, "एकच दिस? मग ध्यानात कसं ऱ्हायचं?"

हा प्रश्न मला पहिल्या रविवारी ऐकायलाच मिळाला नव्हता. मी विचारले, "तुमच्या गावचा बाजार कधी असतो?" "बिस्तरवारी." "मग गोळी बाजाराच्या दिवसाची. बाजारातून आलात, जेवलात, की तीन गोळ्या. दुसऱ्या दिवशी ही पिवळी एक. मग पुढच्या बाजारापर्यंत डबी उघडायची नाही." आजींनी लगेच विचारले, "आन बाजार चुकला तर?" मी सांगितले, की एक-दोन दिवसांत आठवले तर घ्या, त्याहून उशीर झाला तर त्या आठवड्याची सोडून द्या, आणि कधीही दोन आठवड्यांची मिळून घेऊ नका. मग म्हणाले, "आता नातवाला काय सांगाल ते मला सांगा बघू." आजींनी बोटे मोडत सगळे सांगितले. फक्त पिवळ्या गोळीचा दिवस विसरल्या, तो पुन्हा सांगितला, त्यांनी पुन्हा म्हटला. दुष्परिणामांतले मी या वेळी दोनच सांगितले, तोंडातले फोड आणि ताप, आणि बाकीचे चिठ्ठीवर लिहून नातवासाठी दिले. सगळे मिळून साडेचार मिनिटे लागली, म्हणजे पहिल्या वेळेपेक्षा अर्धा मिनिट जास्त. भूमिकेतून बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "आज मी घाबरले नाही. आज मला वाटलं, हे मला जमेल."

या पद्धतीच्या मर्यादाही मी पाहिल्या, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. त्या खोलीत मागे रांग नव्हती, फोन वाजत नव्हता, उधारीचे बोलणे निघत नव्हते. संध्याकाळी सात वाजता माझ्या काउंटरवर आठ माणसे उभी असतात आणि मदतीला एकच मुलगा असतो. बायकांच्या तक्रारींची औषधे, लैंगिक आजारांची औषधे असे विषय आमच्या सरावात आलेच नाहीत, आणि नेमके तिथेच पेशंट चार लोकांसमोर तोंड उघडत नाही. या विषयांसाठी निराळी सत्रे घ्यायला हवीत, असे मी लेखी कळवले आहे.

कार्यशाळा संपताना आम्ही एका कागदावर सह्या केल्या होत्या. पुढच्या तीन महिन्यांत कधीतरी सरावाचा एक पेशंट न सांगता आमच्या दुकानात येईल, याला आमची संमती होती. सुरुवातीचे काही दिवस मी प्रत्येक अनोळखी चेहऱ्याकडे संशयाने पाहिले. मग विसरले. दोन महिन्यांनी एक कागद हातात पडला, तेव्हा कळले की पेशंट येऊन गेला. बायकोसाठी थायरॉइडची गोळी न्यायला आलेले ते गृहस्थ मला आठवतही होते. मी त्यांना गोळी कशी घेतात ते विचारले होते, चहाबरोबर घेतात हे त्यांच्या तोंडून आले होते, उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची हे मी सांगितले होते आणि म्हणवूनही घेतले होते. एवढ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. एका रकान्यात मात्र फुली होती: 'इतर औषधांची चौकशी'. त्यांची बायको त्याच वेळी कॅल्शियमची गोळीही घेत होती. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी शरीरात नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. मी विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. विचारल्यावरच सांगायचे, असे त्यांच्या संहितेत होते. खऱ्या पेशंटचेही तसेच असते. 'आणखी कुठल्या गोळ्या?' असे लिहिलेली पट्टी मी त्याच दिवशी बिलाच्या संगणकाला चिकटवली.

गेल्या महिन्यात जत तालुक्याच्या कर्नाटकाला लागून असलेल्या भागातून एक आजी सुनेबरोबर आल्या. मिरजेला दाखवून परतताना सांगलीत थांबल्या होत्या. चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट होते. आजींना मराठी थोडे थोडे येत होते, सुनेला बरे येत होते, आणि मला दुकानात उभे राहून राहून कामापुरते कानडी आलेले आहे. मी त्यांना बसवले आणि त्यांच्या गावची 'संते' कधी असते ते विचारले. आठवडी बाजाराला तिकडे संते म्हणतात. आजींचा चेहरा खुलला. सोमवारी, म्हणाल्या. मग संतेच्या दिवशीच्या तीन गोळ्या वेगळ्या पाकिटात घातल्या, पाकिटावर बाजाराच्या पिशवीचे चित्र काढले, आणि आता मला सांगा म्हटले. आजींनी एक बोट वर केले. "वारक्के ओंदे दिना." आठवड्याला एकच दिवस.

मग पट्टीकडे पाहून मी आणखी कुठल्या गोळ्या घेता ते विचारले. सून नाही म्हणाली. आजींनी कनवटीची चंची सोडली आणि सुपारीच्या तुकड्यांतून दुखऱ्या गुडघ्यासाठी गावातून घेतलेली, निम्मी संपलेली वेदनाशामक गोळ्यांची पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. ती मेथोट्रेक्सेटबरोबर चालेल की नाही, हे विचारण्यासाठी मी डॉक्टरांना फोन लावला. फोन लागेपर्यंत आजी सुनेकडे वळून, बोट तसेच वर धरून, तिला पुन्हा एकदा बजावत होत्या, "वारक्के ओंदे दिना."